कलाजागवा काठाचे लुगडे

१ जानेवारी १९४६, मंगळवार. पहाटे ५.
थंड पाण्याने अंघोळ. प्रवरेच्या घाटापर्यंत जलद चालणे. वाटेत कोणीही भेटले नाही. सगळे संगमनेर झोपलेले.
मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणून सव्वीस वर्षे काढून गेल्या जूनमध्ये रिटायर झाले. सहा महिने विश्रांती घेतली. पुरे. या गावातील कला मरगळली आहे हे माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. कारण उघड आहे. १९१३ साली बी. ए. झालेली बाई गावात एकच आहे.
संकल्प: वर्षअखेरीस संगमनेरात कलेचे नवचैतन्य.
आजच 'कला नवजागृती मंडळ' स्थापन केले. अध्यक्ष मी. चिटणीस, योग्य व्यक्ती मिळेपर्यंत, मीच. सभासद अद्याप नाहीत. त्यामुळे सर्व ठराव एकमताने पास झाले.

३ जानेवारी. सकाळी ६.
थंड पाणी तूर्त बंद. पुढे भाषणे करायची आहेत, घसा सांभाळणे कर्तव्य.
आधी कोणती कला? गाणे नको. गावातला तबलजी वेळ पाळत नाही. नाटक नको. त्यात पुरुष असतात. विणकाम ठीक. मोमीन गल्ली घरापासून दहा मिनिटांवर, आणि माग जागचे हलत नाहीत.
शिवाय सर्क्युलर आले आहे. २४ फेब्रुवारीला नगरहून सूतवाटपाची कमिटी येणार. ज्या गल्लीत लुगड्याचे काही नवीन काम दिसेल तिला वर्षभर जादा सुताचा कोटा. सध्या कंट्रोलचे सूत महिन्यातले दहा दिवस पुरते. बाकीचे वीस दिवस माग बंद.
गल्लीला आता फक्त योग्य मार्गदर्शन हवे.

५ जानेवारी.
बाबाजान मोमीन यांच्याकडे गेले. वय सत्तर, गल्लीतले सर्वांत जुने विणकर. घरात मुलगा हैदर आणि सून अख्तरी. अख्तरी स्वतः मागावर बसते. तिची चुलतबहीण जरीना माझ्या शाळेत होती, शुद्धलेखन वाईट.
बाबाजान म्हणाले, "बाई, सूत मिळाया नवं काम दाखवा म्हनत्यात. नवं काम कराया सूत लागतं. आता आमी सुरवात कुठून करायची, ते तुमी सांगा." मी सांगितले, विचारापासून. ते बराच वेळ मागाकडे बघत राहिले. पटले असावे.
कोटा मिळाला नाही तर हैदर मालेगावला कारखान्यात जाणार आहे. वळकटी बांधून दाराशी ठेवली आहे. ती पाहून अख्तरीला मी म्हणाले, सोड ती. ती म्हणाली, "सोडते बाई. तुमी कमिटीचं कागद आना, मंग सोडते." उर्मट नाही, पण स्पष्ट.

९ जानेवारी.
इथले काठ पाहिले. रुईफूल, करवत. पिढ्यान् पिढ्या तेच. रुईफूल काय सांगते? काही नाही. करवत काय शिकवते? काही नाही. काठाने बोलले पाहिजे.
माझा काठ: अक्षरांचा. लुगड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'कला जागवा'. नऊ वार उपदेश, आणि तोही चालताबोलता. इतकी साधी गोष्ट आजवर कोणालाच कशी सुचली नाही.
अख्तरीने विचारले, दोन शब्दांत जागा सोडायची का? मी म्हणाले, मुळीच नाही. सुताची एवढी टंचाई, आणि रिकामी जागा विणायची? शिवाय जागा न सोडल्यास संदेश अधिक वेळा बसतो. बाबाजान म्हणाले, जागा सोडली तरी सूत तेवढंच लागतं. तो तांत्रिक मुद्दा झाला.
अख्तरीने आणखी विचारले, "आन् बाई, नेसल्यावर?" मी म्हणाले, नेसल्यावर काय? ती म्हणाली, "काय न्हाई."

१४ जानेवारी. संक्रांत.
हळदीकुंकवाला बावीस बायका. 'स्त्रिया आणि कलेची नवी पहाट' या विषयावर चाळीस मिनिटे बोलले. शेवटी सहा राहिल्या. गेलेल्यांना घरी दूध उतू जाईल अशी काळजी होती. सोळा घरांत एकाच वेळी दूध तापत असते हे मला माहीत नव्हते.
कमिटीपुढे लुगडी नेसून चालायला पाचजणी तयार: मनकर्णाबाई, डॉक्टरांच्या चांगुणाबाई, वकिलांच्या दोघी जावा, आणि लंकाबाई. लंकाबाई अकरा वर्षे माझ्याकडे स्वयंपाक करते, तयार नसण्याचा प्रश्नच नाही. तिने विचारले, लुगड्यावर काय लिहिलंय ते मला कसं कळणार, मला कुठं वाचता येतं. मी म्हणाले, तुझ्यासाठी नाही, तुझ्याकडे बघणाऱ्यांसाठी आहे. ती म्हणाली, "मंग बरंय. माज्याकडं कोन बगतंय."

२२ जानेवारी. सकाळी ७.
उठायला थोडा उशीर. चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजून अक्षरे काढली. पाच दिवस लागले. 'क' जरा मोदकासारखा दिसतो. 'ग' उत्तम.
पाच लुगड्यांना गल्लीचे नुकतेच आलेले महिन्याचे बहुतेक सगळे सूत लागेल. बाबाजाननी तीनदा विचारले, "सगळंच?" मी तिन्ही वेळा सांगितले, अर्धवट कामाने काहीही जागे होत नाही. ते गल्लीतल्या चार घरी जाऊन बोलून आले. मग म्हणाले, "बाईंनी आमच्या पोरी शिकवल्या. वावगं सांगायच्या न्हाईत." हे वाक्य मंडळाच्या अहवालात घालणे.

२ फेब्रुवारी.
पहिले लुगडे मागावरून उतरले. एका काठाची अक्षरे सरळ, दुसऱ्या काठाची उलटी. मी जाब विचारला. बाबाजान म्हणाले, दोन्ही काठ असेच समोरासमोर येतात, त्यांच्या आजोबांच्या काळापासून येतात. "एक काठ बगनाऱ्याला, एक नेसनारीला. खाली मान घातली की तिला सुलट वाचाया येतंय."
ही कल्पना मी भाषणात घेणार आहे. तशी ती माझ्या मनात होतीच.

८ फेब्रुवारी.
अख्तरी रिकाम्या मागावर उरलेल्या तुकड्यातुकड्यांच्या सुताने काहीतरी विणत होती. विचारले तर म्हणे, "खेळ हाय बाई." माझा जुना चौकटीचा कागद तिने कात्रीने कापला होता. 'ला'चा काना इकडे, 'ग'ची काठी तिकडे, 'वा'चे पोट उलटे. सव्वीस वर्षांत इतकी वाईट वही पाहिली नव्हती. मोठ्या मनाने काही बोलले नाही. फक्त पाऊण तास शिस्तीचे महत्त्व सांगितले. ती विणत ऐकत होती.

१५ फेब्रुवारी. सकाळी ७.३०.
भाषण पाठ. एक तास दहा मिनिटे. आले-लिंबाचा काढा. चालणे बंद, दमायला होते आणि दमलेला कार्यकर्ता मंडळाला परवडत नाही.
हैदरची वळकटी अजून दाराशीच. मी अख्तरीला म्हणाले, आता नऊ दिवस. ती म्हणाली, "व्हय. मोजतेय."

२३ फेब्रुवारी.
बाबाजान स्वतः घरी आले. म्हणाले, कुणीतरी एकदा लुगडं नेसून दाखवा, मागून-पुढून बघू द्या. मी नकार दिला. घड्या मोडतील. शाळेच्या गॅदरिंगला रिहर्सलमुळेच मुली बिघडतात, हा माझा अनुभव. ते म्हणाले, "बाई, कापड अंगावर गेल्याबिगर कळत न्हाई." मी म्हणाले, वाचता येणाऱ्याला कळते. त्यावर ते टोपी सारखी करून गेले.

२४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.
माझ्या जुन्या शाळेचा हॉल. खुर्च्या लावल्या. कमिटीचे चौघे आले. अध्यक्ष आबासाहेब, पांढरा फेटा, खिशात भिंग. कमी बोलतात. ऐकून घेण्याची सवय दिसते, ते आज उपयोगी पडेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.
अपूर्व उत्साह. मी व्यासपीठावर. पाचहीजणी मागच्या दाराने आत आल्या आणि लोकांमधून माझ्याकडे चालत आल्या. मला समोरून स्पष्ट दिसत होते: निऱ्यांच्या प्रत्येक घडीवर नेमके 'वा' आले होते. वा, वा, वा, वा. काठ स्वतःच दाद देत होता. मी इतकी योजना केली नव्हती हे मान्य करते.
त्या जसजशा पुढे येत होत्या तसतसा मागच्या रांगांतून हशा वाढत होता. आनंद आवरेना अशी लोकांची स्थिती. एक गृहस्थ खुर्चीवरून खाली बसले. आबासाहेबांनी भिंग काढले आणि लगेच परत ठेवले. भाषण सात मिनिटांत थांबवावे लागले, कारण ऐकू जाईना.

त्याच दिवशी. रात्री ८.
लंकाबाईकडून खुलासा. नऊवारीचा काठ कासोट्याबरोबर पाठीमागे जातो हे माझ्या लक्षात होतेच. मीही नऊवारीच नेसते. मात्र शब्दांत जागा नसल्याने घडी पडेल तिथे शब्द तुटला. लंकाबाईच्या पाठीमागे 'लाजा' आले. वकिलांच्या मोठ्या जावेच्या मागे 'वाकला'. धाकटीच्या मागे नुसते 'वाक'. आणि चांगुणाबाई, ज्या मुळात धिप्पाड आहेत, त्यांच्या मागे ठळक 'गवा'. मनकर्णाबाईंच्या मागे 'जाग' आले, पण त्याने तोल साधला नाही.
चांगुणाबाई घरी जाऊन रडल्या म्हणे. लंकाबाई म्हणाली, "बाई, मला वाचता येत न्हाई ते बरंय. पर सगळ्या गावाला येतंय, हे तुमचंच काम."
याचा अर्थ गावात साक्षरता वाढली आहे. ही माझ्याच सव्वीस वर्षांची कमाई.

२५ फेब्रुवारी.
सकाळी कमिटी गल्लीत. मीही गेले, गैरसमज दूर करायला. कोणाची नजर माझ्याकडे नव्हती. बाबाजान भिंतीला टेकून बसलेले. महिन्याचे सूत त्या पाच लुगड्यांत गेलेले, माग रिकामे. हैदर वळकटी खांद्यावर घेऊन उभा. मालेगावची दुपारची मोटार.
रिकामे म्हणजे एक सोडून. अख्तरीच्या मागावर तो तिचा खेळ होता, हातभर. आबासाहेब तिथे थांबले. भिंग काढले. उलटून पाहिले. पुन्हा सुलटून. अख्तरीला म्हणाले, माझ्यासमोर दोन बोटे विणून दाखवा. तिने दाखवली. हैदरने वळकटी खाली ठेवली.
आबासाहेबांनी विचारले, हे काय आहे? अख्तरी म्हणाली, "बाईंची अक्षरं हायेत. मोडून बशिवली." मी पुढे होऊन सांगितले की मूळ कल्पना मंडळाची, 'कला जागवा' असे त्यात लिहिलेले आहे. आबासाहेब म्हणाले, मला एकही अक्षर दिसत नाही. मी म्हणाले, नीट पाहा. त्यांनी खरोखरच नीट पाहिले. मग वहीत लिहिले. मी खांद्यावरून वाचले: "नक्षी सर्वस्वी नवी. काहीही वाचता येत नाही, हे विशेष."
मोटार हैदरविना गेली.

५ मार्च.
कागद आला. मोमीन गल्लीला वर्षभर जादा कोटा. नमुना: अख्तरी, कुटुंब हैदर मोमीन, यांच्या नावे. मंडळाचा उल्लेख नाही.
तीन पानी हरकत लिहिली. वाचून पाहिली. व्याकरण निर्दोष. पाठवली नाही. स्वतःच्या विचारांना शिस्त लागावी एवढाच हेतू होता.

१२ मार्च.
मंडळाची सभा. अध्यक्ष हजर.
चांगुणाबाई रस्त्यात दिसल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. ते पत्र्याच्या डब्यांचे दुकान होते.
पाच लुगड्यांबद्दल बाबाजानना विचारले. ती पारनेरच्या बाजारात लगेच खपली. "तिकडच्या बायांनी नक्षी म्हनून घेतली. कुनी इचारलं न्हाई काय लिवलंय." म्हणजे कला पोहोचली. संदेश मागून पोहोचेल.
अख्तरीच्या काठाला आता कोल्हारपर्यंत मागणी आहे. बायका त्याला नाव विचारतात. तिने अजून ठेवलेले नाही. मी सात नावांची यादी दिली. तिने ती घडी करून चोळीत खोचली.

१८ मार्च. सकाळी ११.
मार्गदर्शनासाठी गल्लीत गेले. विषय: 'यशानंतरची जबाबदारी'. टिपणे बरोबर.
सगळे माग चालू. मागांवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा आवाज इतका की स्वतःचा शब्द ऐकू येत नाही. वीस मिनिटे उभी राहून बोलले. हैदरने मागावरून मान हलवली, पण ती त्याच्या हाताबरोबर हलत होती. बाबाजान रहाटावर कांड्या भरत होते, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळीवर सूत गुंडाळत होते. एकटे पुरे पडत नव्हते.
अख्तरीने माग थांबवला. मला वाटले, भाषणासाठी. तिने दुसरा रहाट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाई, बसा. उभ्याउभ्या पाय दुखतील. सूत ताठ धरा, बाकी काय न्हाई."
अकरा कांड्या भरल्या. अख्तरीने एकेक बोटाने दाबून पाहिली. चार ठेवल्या. सात परत दिल्या. म्हणाली, ढिल्या हायेत, उकलून पुन्ना भरा.
उकलल्या. भरल्या. उद्या आठला बोलावले आहे.