लाँड्रीच्या भिंतीवरचा पदर

आई, बाबांच्या निगेटिव्हचे डबे अखेर उघडले. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, बाबांना त्याहून थोडी कमी. एवढ्या काळात ते बिस्किटांचे पत्र्याचे डबे आधी दादाच्या अल्फारेटाच्या बेसमेंटमध्ये आणि मग माझ्या बॉथेलच्या गराजमध्ये नुसते पडून होते. दादा फोनवर म्हणाला, "सगळं स्कॅन कर आणि टाकून दे यार, कोण बघतंय आता." मी गेल्या वर्षी रिटायर झाले. बाहेर इथला चिवट पाऊस होता, हातात वेळ होता. जन्मभर लोकांच्या छातीचे आणि मणक्यांचे एक्स-रे वाचले, आता आपल्याच घरचे फोटो वाचायला काय हरकत आहे, असं म्हणून एक चांगला स्कॅनर आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला.

शिकागोच्या त्या फ्लॅटमधले फोटो मला पाठ होते, असं मी समजत होते. अल्बममध्ये ते आहेतच. पायऱ्यांवर दादा आणि मी, नव्या सायकलवर दादा, गणपतीला निघालेलो आपण सगळे. प्रत्येक फोटो जरा अरुंद, कडा किंचित वाकड्या. त्या तशा का आहेत हेही मला माहीत होतं. बाबा रोल धुऊन आणायचे, प्रत्येक फोटोच्या दोन प्रती, एक आपल्याला आणि एक नागपूरला तुझ्या वडिलांना, आबांना. रविवारी कुकर बंद केलास की ओट्यावरची कात्री पुसून तू टेबलापाशी बसायचीस आणि फोटोंमधली भिंत कापून टाकायचीस. आपल्या समोरच लाँड्री होती, नाणी टाकून मशीन चालवायची. तिची रस्त्याकडची अख्खी बाजू रंगाच्या फवाऱ्यांनी लिहिलेली होती. "आबांना वाटेल, पोरगी कुठल्या वस्तीत येऊन पडली," असं म्हणत तू माणसांच्या खांद्याला लागून कात्री चालवायचीस. अल्बमच्या प्रतीलाही तोच न्याय. बाबा म्हणायचे, "अगं, निदान आपला तरी पुरा ठेव." तू म्हणायचीस, "घाण ती घाण, इथे काय आणि तिथे काय."

मला तर त्या भिंतीवरून चांगलाच ओरडा बसला होता. चौथीत असेन. त्या फुगीर, एकमेकांत अडकलेल्या अक्षरांसारखं माझं नाव मी शाळेच्या पुस्तकाच्या कव्हरवर काढलं होतं. तासभर खपून, सावल्यांसकट. तू ते बघितलंस, कव्हर सोडवलंस आणि ब्राऊन पेपरचं नवं कव्हर घालता घालता म्हणालीस, "भिंतीवरचं वाचायचं नसतं. आणि गिरवायचं तर मुळीच नसतं." आवाज चढलेला नव्हता. तुझा कधी चढायचाच नाही. नागपूरची एम.एस्सी. केमिस्ट्री आणि इथे विमा कंपनीत दिवसभर टायपिंग. त्यामुळे जे हातात आहे ते तरी नीटनेटकं असावं, असा तुझा हट्ट होता, हे मला पुढे नोकरी करायला लागल्यावर उमगलं. त्या वेळी मात्र मी त्या भिंतीकडे बघणं सोडून दिलं. सोडलं म्हणजे खरंच सोडलं. आपण तिथे किती वर्षं राहिलो, पण मला कुणी विचारलं असतं की भिंतीवर काय होतं, तर 'काहीतरी रंगीत' याच्या पलीकडे सांगता आलं नसतं.

निगेटिव्हला कात्री लागलेली नव्हती. स्कॅनरमधून पहिली पट्टी बाहेर आली आणि स्क्रीनवर आपला रस्ता उघडला. दोन्ही बाजूंना, वरपर्यंत. लाँड्रीच्या शटरवर एक निळा मासा, त्याच्या पोटात छोटे मासे. विजेच्या खांबावर कुणाचं तरी नाव, खालच्या पट्टीत तेच नाव बसस्टॉपच्या बाकावर, पुढच्या रोलमध्ये तेच नाव पुलाच्या इतक्या वरच्या कठड्यावर की लिहिणाऱ्याला खाली कुणी धरलं असेल, असा प्रश्न पडावा. एका कोपऱ्यात पंख असलेला एक मुलगा आणि भोवती मेणबत्त्या रंगवलेल्या. कुणीतरी गेला असणार, त्याच्या दोस्तांनी काढलेला. दादाच्या वाढदिवसाच्या फोटोत तो मुलगा दादाच्या बाजूलाच आहे, आणि आपण सगळे हसतोय. मी कामावर नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: मधे दुखतंय तिथे सगळेच बघतात, तुम्ही आधी फिल्मच्या कडा बघा. तेच मी आता आमच्या घरावर करत होते आणि मला मजा यायला लागली होती. मी प्रत्येक फोटोतली भिंत वेगळी काढून ठेवायला लागले, रोलच्या क्रमाने.

आणि मग तू दिसलीस. फोटोतली तू नव्हे. फोटोत दादा सायकलवर बसलाय. त्याच्या मागे, लाँड्रीच्या भिंतीवर, बसस्टॉपच्या अगदी शेजारी, माणसापेक्षा उंच अशी एक बाई रंगवलेली आहे. हिरवी साडी, छातीशी घट्ट धरलेली डब्याची पिशवी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शिकागोत साड्या नेसणाऱ्या बायका पुष्कळ असतील. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून बसला उभी राहणारी आणि ऑफिसच्या जिन्यात चपला बदलणारी मला एकच माहीत आहे. उभं राहायची ढबसुद्धा तुझी, बस येण्याआधीच एक पाय पुढे.

पण काहीतरी चुकत होतं. थोड्या वेळाने कळलं, पदर उजव्या खांद्यावर होता. मी निगेटिव्ह उलटी लावली असणार, असं म्हणून ती काढली आणि परत बघितली. बसस्टॉपच्या पाटीवरची अक्षरं सुलट होती. निगेटिव्ह बरोबर होती, चित्रच चुकलं होतं. मग त्याच उन्हाळ्यातला पुढचा रोल लावला. गणपतीला निघालेलो आपण. भिंतीवर तीच बाई, तीच पिशवी, तेच बूट, आणि पदर डाव्या खांद्यावर. निऱ्यासुद्धा आता निऱ्यांसारख्या पडलेल्या. कुणीतरी मधल्या काळात ते दुरुस्त केलं होतं.

मी दोन्ही रोलमधलं सगळं पुन्हा बघितलं. एका फ्रेममध्ये बाबांनी कॅमेऱ्यात दादाला सायकलसकट पकडलंय, फोकस सगळा त्याच्यावर. मागे रस्त्यापलीकडे धूसर दिसतंय: भिंतीला शिडी लावलेली, शिडीवर एक मुलगी, हातात ब्रश. आणि खाली, मान वर करून, डावा खांदा तिच्याकडे वळवून, त्यावर हात ठेवून उभी असलेली तू.

दादाला तो फोटो पाठवला आणि फोन केला. तो म्हणाला, "इम्पॉसिबल. आई? ती तर त्या भिंतीकडे बघायचीसुद्धा नाही."

"झूम कर," मी म्हटलं.

"केलं ना. साडी तिचीच आहे. आपल्याला का नाही सांगितलं तिनं?"

तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि रोज समोर असून आम्हां कुणालाच ते दिसलं कसं नाही, हाही. माझी लेक, तुझी नात, शिकागोतच शिकली, तिला या गोष्टी शोधता येतात. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "वेट, आजी वॉज अ म्यूरल?" आणि माझ्या परवानगीने तिनं तो फोटो त्या भागातल्या जुन्या रहिवाशांच्या पेजवर टाकला: ही भिंत कुणाला आठवते का. लाँड्रीच्या जागी आता काचेची इमारत आहे. लोकांनी शटरवरच्या माशाच्या आठवणी लिहिल्या, कुणी त्या पंखवाल्या मुलाचं नाव सांगितलं. आणि मग एका बाईंनी लिहिलं, की शिडीवरची मुलगी मी आहे, आणि मला या माणसांशी बोलायचं आहे.

फोनवर आवाज म्हातारा, खरखरीत, पण बोलणं ठाम. तिचं इंग्रजी तुला मराठीत सांगते. ती तेव्हा विशीत होती आणि लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची. मालकाने दुकान रंगवून उरलेले डबे तिला दिले आणि म्हणाला, भिंतीवर काहीतरी धड काढ, म्हणजे पोरं त्यावर लिहिणार नाहीत. "मला काय काढावं सुचेना," ती म्हणाली. "खिडकीतून रोज तुझी आई दिसायची. सगळा रस्ता करडा आणि त्यात ती साडी. मी न विचारताच काढली. आणि मग मला भीती वाटायला लागली."

"मग?"

"एका सकाळी ती भिंतीसमोर येऊन थांबली. बस आली, तिनं सोडून दिली. मी आत लपले होते. ती दुकानात आली आणि म्हणाली, राँग शोल्डर."

मी हसले, कारण ते दोन शब्द मला तुझ्या आवाजात ऐकू आले. चढलेला नाही असा आवाज. ती बाई पुढे सांगत होती. तिनं पदर सरकवला, पण निऱ्या काही जमेनात. कापड कुठून निघतं आणि कुठे खोचतात हेच तिला समजत नव्हतं. तेव्हा शनिवारी तू कपडे धुवायला आलीस ती पिशवीत एक जास्तीची साडी घेऊन. लाँड्रीच्या घड्या घालायच्या लांब टेबलापाशी तिला उभं केलंस आणि जीनवरूनच साडी नेसवलीस. धुवायला आलेल्या बाया मशीन सोडून जमल्या. एकीनं विचारलं, हे सुटत कसं नाही. तू म्हणालीस, सुटतं, म्हणून तर बूट घालते, पळता येतं. सगळ्या हसल्या, आणि तू इतकी हसलीस की बाकावर बसलीस.

आई, मी तुला इतकं हसताना पाहिलेलं नाही. हे ऐकताना मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. दादाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. घरात तू आमची होतीस, ऑफिसात त्यांची, पत्रांमध्ये आबांची. रस्त्यापलीकडे एक जागा होती जिथे तू कुणाचीच काही नव्हतीस, आणि तिथे एक मुलगी तुला मोठं करून रंगवत होती. ते आम्हांला सांगितलं असतंस, तर आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन उभे राहिलो असतो, आणि बाबांनी फोटो काढला असता. तू सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस. फोटोतली भिंत तू मग आणखीच काळजीपूर्वक का कापत गेलीस, हेही आता मला समजतं: त्या भिंतीवर तू होतीस.

पुढच्या वसंतात लाँड्री विकली गेली. नव्या मालकाने भिंत करड्या रंगाने पुसून टाकली. ती बाई फुटपाथवर उभी राहून रडत होती, तेव्हा तू बसला आलीस. "तुझ्या आईने भिंत बघितली," ती म्हणाली, "आणि मला म्हणाली, पुन्हा काढ. मी इथे रोज उभी असते." पण आपण त्याच सुमाराला घर बदलून उपनगरात गेलो. तिनं तुला पुन्हा काढलं नाही, बाकी पुष्कळ काढलं. शाळांच्या भिंती, एका दवाखान्याची भिंत, पुलाखालची एक लांबच लांब. पुढे मुलांना शिकवलं. त्या पहिल्या चित्राचा मात्र तिच्याकडे एकही फोटो नव्हता. तेव्हा तिच्याकडे कॅमेराच नव्हता. ते चित्र खरंच होतं की नाही, अशी शंका आपल्याला हल्ली येऊ लागली होती, असं ती म्हणाली.

म्हणून मी तीन मोठे प्रिंट काढून घेतले. पुरे, कडांसकट. डाव्या खांद्यावरचा पदर, शटरवरचा मासा, खांबावरचं नाव, सगळं आलंय. एक माझ्या जेवणाच्या खोलीत लागलाय आणि येणारा प्रत्येक जण त्यासमोर थांबतो. दुसरा अल्फारेटाला गेला. दादाने तो हॉलमध्ये लावलाय आणि आता डबे टाकून द्यायची भाषा करत नाही. तिसरा आज शिकागोला पाठवायला पुठ्ठ्याच्या नळीत नीट गुंडाळून ठेवलाय. सोबत चार ओळी इंग्रजीत लिहिल्यात. हे मराठीतलं पत्र मात्र त्या नळीत जाणार नाही, आणि दादालाही दाखवणार नाही. ते इथेच राहील.

फक्त एक सांगायचं राहिलं. फोन ठेवताना त्या बाईंनी विचारलं, "ती घरी कधी माझ्याबद्दल बोलायची?" मी एक क्षणही थांबले नाही. "नेहमी," मी म्हटलं. आई, तू एक शब्दही बोलली नव्हतीस, आणि तिनं पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगणार आहे.