पुतळाबाईंना वाचून दाखव

समर्थनगर,
छत्रपती संभाजीनगर
दि. १२ जून २०२५

कु. ज्ञानेश्वरी हिस,

आरंभी आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. तो शब्द मी लिहिला आणि खोडला. तो घ्यावा की नाही, हे पत्र पुरते वाचल्यावर तूच ठरव. माझी प्रकृती ठीक आहे. तुमचा कळप मृगाला पाचोडला परतला असेल व तुझ्या वडिलांचा गुडघा बरा असेल, अशी आशा करतो. मंगळवारी, तिथीप्रमाणे, उमाचे वर्षश्राद्ध झाले.

पत्रासोबत एक निळी पिशवी आणतो आहे. दहावी, बारावी व बी.एस्सी.च्या गुणपत्रिका, कॉलेजचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, आणि ज्यासाठी तुम्ही दोन वर्षे खेटे घातलेत ते वैधता प्रमाणपत्र. सर्व मूळ प्रती आहेत. एकही पान दुमडलेले नाही.

‘पिशवी उमाच्या कपाटात आता सापडली’ असे लिहून मला इथेच थांबता आले असते. पहिल्या मसुद्यात तसेच लिहिले होते. तो फाडला. फोनही याच कारणाने केला नाही. बोलताना मी अर्धे सांगून थांबलो असतो.

तुम्ही आठ महिने मेंढरांमागे असता, पालावर कागद भिजतात, म्हणून दहावीपासून तुझी आई तुझे कागद उमाकडे ठेवत आली. उमा शाळेतून निवृत्त झाली तरी पिशवी आमच्याकडेच राहिली. मी एकदा कुरकुरलो, “हे घर आहे की टपाल कार्यालय?” ती म्हणाली, “त्या पोरीचा मुक्काम रोज हलतो. तिच्या कागदांना तरी एक पत्ता असू द्या.”

ती प्रथमपासून अशीच होती, असे तुला वाटत असेल. लग्न होऊन आली तेव्हा ती क्रांती चौक एकटीने ओलांडत नसे. एम.ए.चा अर्ज मीच आणला. दोन वर्षे स्कूटरवरून विद्यापीठ गेटपर्यंत मीच सोडत असे, आणि त्याचा मला अभिमान होता. दुसऱ्या वर्षी ती जेवताना माझे म्हणणे खोडून काढू लागली. माझी आई म्हणे, “वैजू, सून शिकायला धाडलीस का वकिली करायला?” पुढे एके दिवशी उमाने पाचोडच्या शाळेत नोकरीचा अर्ज पाठवला आणि मग मला सांगितले. विचारले नाही, सांगितले. मी आठ दिवस अबोला धरला. त्यानंतर तीस वर्षे ती पहाटेच्या एस.टी.ने गेली. मी तिला पुन्हा कधी कुठे सोडले नाही, आणि तिनेही कधी ‘सोडा’ म्हटले नाही. एक दिवस वगळता.

त्या दिवसाविषयी नंतर लिहितो. आधी रविवार.

ती गेल्यानंतरच्या रविवारी तू आणि पुतळाबाई आमच्या दारात आलात. दुसऱ्या दिवशी तुला विद्यापीठात प्रवेशासाठी मूळ कागद दाखवायचे होते. तुझी आई पायरीवरूनच म्हणाली, “सायब, बाई गेल्या, आमचं बी आता हितं कोन ऱ्हायलं नाय. पर पोरीचे कागद तेवढे द्या.”

“इथे तुमचे काही नाही,” मी म्हणालो.

“आसं कसं? म्या माज्या हातानं बाईच्या हातात दिली व्हती. निळी पिशवी.”

“मग पालावर नीट शोधा.”

तू मान खाली घालून म्हणालीस, “चल आई. तुलाच याद नसंल.”

ज्ञानेश्वरी, पिशवी कुठे आहे हे मला ठाऊक होते. उमाला नेसवायची साडी काढताना मीच ती हाताने बाजूला केली होती.

गेल्या महिन्यात उमाची पुस्तके शाळेला द्यायला मी पाचोडला आलो होतो. बाजारात पुंजाराम दुकानदार भेटला. तुमचे नाव मी काढले नव्हते, त्यानेच काढले. “पुतळाबाईनं कागदापायी घरातल्या समद्या वाकळा उसवल्या, सायब. तिचा नवरा मुंजाबा म्हनतो, हिनंच चुलीत घातले. पोरगी आईशी धड बोलंना.” मी त्याच्याकडून अकारण पावशेर शेंगदाणे घेतले आणि एस.टी.त बसलो. तुझे एक वर्ष गेले, एवढेच मी तोवर धरून चाललो होतो.

हे कळल्यालाही महिना झाला.

आता तो गुरुवार. गेल्या वर्षी २० जून. दुपारी बारा वाजता उमा म्हणाली, “विद्यापीठाच्या विभागात ज्ञानेश्वरीच्या प्रवेशाचं आणि वसतिगृहातल्या खोलीचं विचारून येते. ऊन फार आहे, स्कूटरनं सोडता?” मी म्हणालो, “मला बँकेत काम आहे.” ती हसली. “बँकेला एक दिवस तुमच्यावाचून राहू द्या की.” मला काम नव्हते. परक्याच्या मुलीसाठी हिने किती धावावे, एवढाच राग होता. कदाचित तो पस्तीस वर्षांपूर्वीचा होता. मी वर्तमानपत्र वाचत बसलो. ती रिक्षाने गेटपर्यंत गेली, तिथून विभागापर्यंत चालत, आणि तशीच परत. तीन वाजता आली. “खोलीचं जमतंय,” म्हणाली आणि पाणी मागितले. मी पेला घेऊन बाहेर आलो तोवर ती खुर्चीतून खाली घसरली होती.

डॉक्टर म्हणाले, हे घरी बसूनही घडले असते. ते मला पटले नाही. कोणावर तरी दोष ठेवणे भाग होते, आणि तो माझ्यावर नको होता. रविवारी दारात तू उभी होतीस.

या वर्षी अर्ज देण्याचा व मूळ कागद दाखवण्याचा शेवटचा दिवस सोमवार, २३ जून आहे. काल विभागात स्वतः जाऊन विचारून आलो. हे पत्र उद्या पुंजारामच्या हाती तुझ्याकडे धाडीन आणि तू पिशवी नेईपर्यंत त्याच्या दुकानातच बसेन. तुला समोर यायचे नसेल तर कोणाला पाठव.

पुढील ओळी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव. मुंजाबा तिथे असतील असे पाहा, आणि शक्य तर पुंजारामही.

‘पुतळाबाई, पिशवी तुम्ही बाईंच्या हातात दिली होती. ती हरवली नाही, जळली नाही. वर्षभर माझ्या घरी होती. खोटे मी बोललो.’

तू जाशील की नाही, मला माहीत नाही. तुला आता विद्यापीठाचे नावही नकोसे झाले असेल, तर त्याचे कारण मी आहे, उमा नव्हे. ती त्या गेटातून आत गेली तेव्हा कोण होती आणि बाहेर आली तेव्हा कोण, हे मी जवळून पाहिले आहे. मला ते सोसले नाही, तरीही पाहिले आहे.

त्या सोमवारी सकाळी दहापासून मी विद्यापीठ गेटपाशी उभा असेन. माझ्याशी बोलण्याची आवश्यकता नाही. गेटपासून विभाग लांब आहे आणि ऊन फार असते.

स्कूटर घेऊन येतो.

उमाबाईंच्या घरचा,
वैजनाथ रंगनाथ आडगावकर