थोरलीची विश्रांती

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोतून आधी माझं पोट उतरलं आणि मागून मी, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलाय. सहावा महिना सरत आलाय. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरी करायचं ठरलं आणि त्याच निमित्ताने नवरा बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दुरुस्तीच्या दुकानात हाताशी आला. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकानात लोकांचे रुसलेले पंखे, पंप आणि इस्त्र्या, आणि जिन्यापर्यंत ग्रीसचा वास. मला तो चक्क आवडला. नोकरीत तक्रार खिडकीवर बसून वर्षानुवर्षं लोकांची बोलणी खाल्ली, त्यापेक्षा हा वास बरा. आता काही महिने कुणाचं काही ऐकायचं नाही, नुसतं लोळायचं.

स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याटाकल्या बाबांनी माझी ओळख करून दिली ती फ्रिजशी! तिचं नाव थोरली. दोन्ही मुलांच्या आधी घरात आली म्हणून. तीन भंगार फ्रिज उघडून त्यांनी ही एक उभी केली आणि आजवर परक्या माणसाचा हात तिला लागू दिला नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्यातून वाटीभर मऊ चीज काढलं, स्वतः केलेलं, आणि मला उभ्याउभ्या भरवलं. आतून लगेच लाथ बसली. आमच्या भाडेकरूला जागा पसंत पडलेली दिसते.

७ मार्च, शुक्रवार

लाड म्हणजे किती! मी ग्लास उचलला तरी आई धावत येतात. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. दूध शेजारच्या गोठ्यातून येतं, तसंच धारोष्ण. अर्धं प्यायचं, अर्ध्याचं चीज. उकळलेल्या दुधात काय राहतं, पांढरं पाणी, असं आईंचं ठाम मत. मी एकदा म्हणून पाहिलं की मला आपलं तापवलेलंच चालतं. त्या हसल्या आणि ग्लास पुढे केला. मी प्यायले. एवढ्या मायेने कुणी काही दिलं की माझी जीभच उचलत नाही.

जाऊबाई मात्र अजब आहेत. मोठे दीर कामासाठी परगावी असतात, त्या इथेच राहतात. कमी बोलतात. जेवायला आमच्यासोबत बसत नाहीत. ओट्याशी उभ्या राहून कढईतलं वाफाळतं तेवढं खातात, थोरलीतलं काहीही घेत नाहीत. ताठा म्हणायचा की सोवळं, कळेना.

दुपारी खूप झोप येते. उठल्यावरही येते.

१२ मार्च, बुधवार

आज थोरलीच्या पायाशी पाणी साचलं होतं. मीच पुसलं, वाकता येत नाही तरी. दार उघडलं तर लोणी पाघळलेलं, कापलेल्या खरबुजाला आंबूस वास, कालच्या कोंबडीचे तुकडे कोमट. आतला दिवा लागला होता, मोटारही घुमत होती, म्हणजे बंद नव्हती. आईंना दाखवलं. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि सांगितलं की सकाळी ती जरा आळसावलेली असते, दुपारपर्यंत गार करते सगळं. मग खरबूज ताटलीत काढून मलाच दिलं.

दोन फोडी खाल्ल्या. बाकीच्या खिडकीतून टाकल्या. शाळकरी पोरीसारखी लपूनछपून, या वयात!

१७ मार्च, सोमवार

आज उलगडा झाला. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि बाबांनी जाऊन थोरलीचं बटण बंद केलं. वर तिच्या दारावर थोपटलं. मला वाटलं साफ करायची असेल. तर नाही! ते रोज करतात. कुठलीही मोटार अहोरात्र चालवली की जळते, हे त्यांनी आयुष्यभर पंपांवर आणि गिरणीच्या यंत्रांवर पाहिलंय, म्हणून घरच्या यंत्राला रात्रीची विश्रांती. उजाडलं की पुन्हा चालू. नवऱ्याला विचारलं तर त्याला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. लहानपणापासून हेच बघतोय. इतकी वर्षं कुणी मेलं का, असं म्हणाला.

मी तक्रार खिडकीवरचा सगळा गोडवा गोळा करून बाबांना सांगितलं की फ्रिजची मोटार आपली आपण थांबते, तिला वेगळी झोप लागत नाही. ते रागावले नाहीत. वाईट वाटलं त्यांना. आई हळूच म्हणाल्या, मुलीच्या जागी मानतो आपण तिला.

आणि मी? लाड होतात ते खाण्यापुरते; आज सकाळपासून पायावर उभी आहे, पाठ मोडून आलीये. दमलीस, जा पड जरा, असं मला अजून एकानेही म्हटलेलं नाही. हे लिहिताना रडू आलं, कारण गोष्ट हसण्यासारखी आहे.

२२ मार्च, शनिवार

काल मी बटण गुपचूप चालू केलं होतं. सकाळी बाबांच्या लक्षात आलं. आरडाओरडा नाही, काही नाही. नुसते मोटारीवर हात ठेवून बसले, चटका बसल्यासारखा तो काढला आणि खाली दुकानात गेले. आई दिवसभर जेवल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे वाटी ठेवली आणि समोर बसून राहिल्या. चमचा उचलला की चेहरा उजळे, ठेवला की पडे. शेवटी मी खाल्लं, संपूर्ण वाटी. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

नवरा म्हणाला, थोडे महिने आहेत, निभावून ने. मी मान डोलावली. भांडायला अंगात जीव लागतो.

२७ मार्च, गुरुवार

अंग दुखतंय. कणकण. घसा नाही, खोकला नाही, पोटही ठीक. नुसता थकवा, हाडांत शिरलेला. आई म्हणतात सातवा लागला की असंच होतं. त्यांनी डोक्याला तेल लावलं, पाय चेपले, आणि अशक्तपणा आहे म्हणून वाटी दुपटीने सुरू केली. इतकं प्रेम माझ्यावर जन्मात कुणी केलं नाही आणि आता त्यांची पावलं वाजली की मी झोपेचं सोंग घेते.

भाडेकरू शांत आहे. तोही दमला असेल.

३० मार्च, रविवार

ताप चढतो, उतरतो. डॉक्टरीणबाईंना फोन कर म्हटलं तर नवरा म्हणाला आज रविवार, उद्या बघू. उद्या दुकानात मोठं काम आहे, म्हणजे परवा.

दुपारी जाऊबाई आल्या. दार लावून घेतलं. उकळून आणलेलं पाणी उशाशी ठेवलं आणि खाली बघत बोलल्या. त्यांनाही दिवस होते, मी या घरात यायच्या आधी. सातवा. असाच ताप, अशीच पाठ, हीच वाटी. मग एके दिवशी बाळ हलायचं थांबलं. घरात ठरलं की हिची प्रकृतीच नाजूक. त्यांनी एकदा, फक्त एकदा, थोरलीकडे बोट दाखवलं, तर आईंनी अंथरूण धरलं आणि दीर त्यांच्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत. तेव्हापासून त्या कढईतलं खातात आणि गप्प राहतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, तू खात होतीस, हसत होतीस, आई खुश होत्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

मला त्यांचा राग येतोय. पण रागही पुरता येत नाही, मध्येच डोळे मिटतात.

१ एप्रिल, मंगळवार

जाऊबाईंनीच रिक्षा आणली. दुकानासमोरून, सगळ्यांच्या देखत मला हाताला धरून बसवलं. नवरा हातात पाना घेऊन बघत राहिला, मग पळत येऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी खाण्याचं सगळं विचारलं. कच्चं दूध. घरचं मऊ चीज. कापून ठेवलेली फळं, शिळं मांस, न तापवता. मी हो, हो, हो म्हणत गेले. एक जंतू असतो म्हणाल्या, बाकीचे गारव्यात सुस्तावतात, हा गारव्यातही वाढतो, आणि ऊब मिळाली तर मग विचारायलाच नको. बाळाच्या आईला फ्लूसारखा ताप येतो फक्त. बाळाला मात्र — त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ताप आला त्याच दिवशी यायला हवं होतं, एवढंच. रक्त घेतलं. सुई लावली. इथेच राहायचं.

नवरा बाहेर बाकावर बसून रडतोय. त्याला समजवायला जायला हवं. उठवत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी एक लाथ. हलकी. की मला वाटलं —

औषध सुरू आहे. थंडी वाजते. आई येऊन गेल्या. कुणी त्यांना काही सांगितलं असावं, हात रिकामे होते. माझ्या पायांना हात लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना मला काही म्हणायचं होतं. मलाही.

दुपारनंतर काही नाही. डाव्या कुशीवर. उजव्या. गोड पाणी प्यायले. काही नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

नर्सताईने पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. खरखर. तुमचेच ठोके, म्हणाली. पुन्हा. खाली, बाजूला. खरखर. झोपलं असेल बाळ, म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. चालत नाही, पळत.

नवराही तेच म्हणतोय. झोपलंय. जाऊबाई माझा हात धरून बसल्यात, त्या तसं म्हणत नाहीत. मी लिहितेय, नाहीतर मी ओरडेन —

पोटावर टकटक केलं. ऊठ म्हटलं. झोप पुरे, राजा, ऊठ. आईचं ऐक. एकदाच —

डॉक्टरीणबाई आल्या. सगळ्यांना बाहेर जायला सांगतायत. जाऊबाई हात सोडत नाहीत. गार जेल पुन्हा. आवाज मोठा केलाय. कुणी बोलू नका, ऐकू द्या मला, काहीतरी आहे, आत काहीतरी