पाणी चांगले असल्याचा दाखला परत मिळणेबाबत

प्रति,
मा. जलनमुना निरीक्षण अधिकारी,
उत्तर औद्योगिक पट्टा कार्यालय, चाकण.

विषय: खडकवस्तीच्या बोअरचे पाणी चांगले असल्याचा अर्जदाराने दिलेला दाखला रद्द करून पाटी उतरवणेबाबत.

संदर्भ: १) सदर दाखला, दि. १२ जून २०२३. २) आपले पत्र, दि. ४ नोव्हेंबर २०२५.

अर्जदार: शौकत हसन मुलाणी, वय ५८, पंप मेकॅनिक, रा. खडकवस्ती.

महोदय,

१. अर्जदार तीस वर्षे या पट्ट्यातल्या बोअरच्या मोटारी वर काढतो. पाइपावरचा लाल, बुळबुळीत थर आणि पाण्याला येणारा सडक्या अंड्याचा वास यांवरून तो पाणी ओळखत असे, आणि वस्ती त्याचा शब्द प्रमाण मानत असे. दोन वर्षांपूर्वी इथला पाइप धुऊन ठेवल्यासारखा वर आला. थर नाही, वास नाही. अर्जदाराने सर्वांसमक्ष ओंजळभर पाणी पिऊन ते सुधारल्याचे सांगितले. आपल्या कार्यालयाने ते त्याच्याकडून लिहून घेतले, जंतूंची तेवढी तपासणी केली आणि ‘पिण्यास योग्य’ अशी पाटी ठोकली. तेव्हा अर्जदाराचे शिक्षण कोणी विचारले नाही.

२. शेजारी राहणारा आयुष कंपनीत शिफ्टला जातो. त्याची चार महिन्यांची मुलगी मैत्री याच पाण्यात कालवलेले पावडरचे दूध पीत होती. लेकराला बाधू नये म्हणून तिची आई पाणी आटेपर्यंत उकळत असे. २७ ऑक्टोबरला मुलीचे ओठ आणि नखे निळी पडली. डॉक्टरांनी सांगितले, पाण्यात नायट्रेट आहे. ते उकळून जात नाही, पाणी आटेल तसे वाढते. म्हणजे त्या माउलीने काळजी घेतली तीच अंगाशी आली.

३. वस्तीतली तेजस्विनी ताथवड्याला बायोटेक शिकते. तिने नमुना तपासून घेतला. नायट्रेट लिटरला १३२ मिलिग्रॅम निघाले. मर्यादा ४५ आहे. तिने समजावले ते असे, की जमिनीखालच्या पाण्यातही जंतूंची वस्ती असते. लाल थर आणि तो वास त्यांच्यातल्याच काहींच्या कामातून यायचा, आणि त्याने कोणी मरत नव्हते. वरून नायट्रेट मुरू लागल्यावर ते जंतू मागे पडले आणि नायट्रेटवर जगणारे माजले. पण नायट्रेट इतके, की त्यांनाही ते संपेना. अर्जदार ज्याला सुधारणा समजला ती बिघाडाची खूण होती. हे नायट्रेट भाड्याच्या खोल्यांच्या शोषखड्ड्यांतून उतरते. त्यांत अर्जदाराच्या चार खोल्या आहेत, हे तो लपवत नाही. त्याला स्वतःची लाज वाटते.

४. अर्जदाराने २९ ऑक्टोबरला दाखला परत मागितला. कधी नव्हे ते सहा दिवसांत उत्तर आले: अर्जदार सक्षम व्यक्ती नसल्याने पाणी वाईट असल्याचे त्याचे मत ग्राह्य धरता येत नाही, पाणी चांगले असल्याचे त्याचे मत मात्र अभिलेखात कायम आहे. पाणी चांगले म्हणताना शहाणा आणि वाईट म्हणताना अडाणी, असा माणूस आपल्या कार्यालयाला कुठे सापडला, हे अर्जदाराला अद्याप उमगलेले नाही.

५. अर्जदाराने पाटीवर डांबर फासले, तर शासकीय मालमत्तेचे नुकसान म्हणून आपल्या शिपायाने ते पुसून काढले. पाटी आता पूर्वीपेक्षा चकचकीत दिसते. वस्तीत येणारे थंड पाण्याचे जारही याच बोअरवर भरतात.

६. मैत्री सोमवारी, १० तारखेला दवाखान्यातून घरी येत आहे. काल आयुष अर्जदाराच्या दारात येऊन म्हणाला, “चाचा, पाटी तर अजून हाय. मग पाणी चालंल ना?” तो आपल्या कार्यालयात विचारायला गेला नाही. अर्जदाराने नाही म्हणून सांगितले. त्यावर आयुष पाटीकडे पाहत राहिला, कारण तिच्याखाली अर्जदाराचेच नाव आहे.

तरी सोमवारच्या आत पाटी उतरवून टँकर द्यावा. ते जमत नसेल, तर निदान पाटीवरून अर्जदाराचे नाव खोडावे आणि तिथे आपले घालावे.

आपल्याच लेखी अपात्र, तरी आपला नम्र,
शौकत हसन मुलाणी
दि. ६ नोव्हेंबर २०२५

सोबत: दाखल्याची प्रत, तपासणीचा कागद, बोअरच्या पाण्याची बाटली, एक. कृपया उघडून वास घ्यावा. येणार नाही.