दहावा रकाना

५ ऑक्टो., गुरु. (मुंबई)
तिसरा दिवस. नेत्यांच्या बंगल्याबाहेरच्या खोलीत बसलोय. खोलीत सगळे माजी. माजी आमदार ओळखायला सोपा, मोबाईल खिशात ठेवत नाही, हातात धरून बसतो.

सकाळी कदमचा फोन. पंधरा वर्षं माझा पी.ए. आहे, तरी बरीवाईट बातमी एकाच सुरात सांगतो. "आप्पा, दामूनानांची मंडळी काल वारली." दामूनाना म्हणजे माझा सूचक. आजवर पाच वेळा अर्ज भरला, पाचही वेळा अर्जावर पहिली सही त्याची. वहिनींच्या हातचं किती खाल्लंय त्याला गणती नाही. वाईट वाटलं, खरंच वाटलं. नानाला फोन लावला, लागला नाही. परत लावणार तेवढ्यात आतून कुणीतरी यादी घेऊन आलं आणि राहून गेलं.

कदमला सांगितलं, दहावा लिहून ठेव. म्हणाला, १३ ला येतो, शुक्रवारी, घाटावर. श्रद्धांजलीचं पत्र पाठव म्हणालो, नेहमीच्या मजकुराचं.

८ ऑक्टो., रवि. (मुंबई)
नेते भेटले. उभ्या उभ्या. "आप्पा, तब्येत काय म्हणते?" तब्येत विचारली की तिकीट गेलं समजावं. पुढं म्हणाले, बघू. ह्या 'बघू'वर दोन दिवस काढायचे आता.

दुपारी कुसुमचे दोन मिस्ड कॉल. नाही घेतला. बायकोचा फोन काय, संध्याकाळीही घेता येतो. संध्याकाळी विसरलो.

१० ऑक्टो.
घरी. बसवत नाही. दोनदा दाढी केली. फोन चार्जिंगला लावतो, काढतो, परत लावतो. कुसुम म्हणाली, "त्याला तरी खाऊ द्या पोटभर."

जुनी पेटी काढली. पाच अर्जांच्या झेरॉक्स निघाल्या. पहिला अपक्ष. अपक्षाला दहा सूचक लागतात. गावकीत घरोघर फिरलो होतो. बसा म्हणायचे, चहा द्यायचे, पेन दिसलं की गोठ्यात जायचे. कारखाना तेव्हाच्या आमदारांच्या हातात. माझ्या अर्जावर सही करील त्याचा ऊस तोडीवाचून फडात वाळणार, हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक. नाना गवंडी, आमच्या कंपाउंडची भिंत बांधत होता. थापी धुतली आणि म्हणाला, "आना हिकडं. माझा ऊसच न्हाई, माझं काय तोडनार?" दहाच्या दहा सह्या त्याच्या बौद्धवस्तीतून एका दुपारीत झाल्या.

पडलो. दुसऱ्या वेळी पक्षाचं तिकीट मिळालं, आलो. तिसऱ्यांदाही आलो. चौथ्यांदा पडलो. पाचव्यांदा पक्ष बदलून पडलो. पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, तोही नानाच. नानाची सही शुभ आहे असं मी सभेत सांगायचो, टाळ्या पडायच्या. दोनदा आलो, तीनदा पडलो, ह्यात शुभ काय ते कुणी विचारलं नाही. नानानंही नाही.

दहा वर्षं आमदार होतो. पूल, रस्ते, कॅनॉलचं आवर्तन वेळेवर सोडायला लावणं, पोलीस स्टेशनला फोन. मंत्रिपद दोनदा दारात येऊन गेलं. चहा पिऊन गेलं म्हणा.

१३ ऑक्टो., शुक्र.
आमच्याकडं आमदार तयार होतो तो दशक्रियेच्या घाटावर. तिथली माणसं पिंडाला कावळा शिवेपर्यंत जागची हलत नाहीत, आणि माईक तयार असतो. मी एका सकाळी चार चार दहावे केलेत, शिरूरला दोन, दौंडला दोन. मयताचं नाव, मुलगे किती, जावई कुठले, हे कदम चिठ्ठीवर देतो. बाकी मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक.

आज सातलाच भीमेच्या घाटावर. नाना दिसेना. वस्तीतलं एक माणूस दिसेना. वरवंडकडच्या एका म्हातारबाबांचा दहावा चालला होता. तासभर थांबलो. ते लोक म्हणाले, आप्पा आलेच आहेत तर दोन शब्द बोलतील. बोललो. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक. कदम म्हणाला, दुसऱ्या घाटावर असतील. तिकडं गेलो, तिथं कुणीच नाही, एक कुत्रं.

वैतागून घरी आलो. निरोप तरी नीट द्यायचा ना माणसानं.

१४ ऑक्टो.
लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी कुसुमला कालचं सांगत होतो, नानाला नावं ठेवत होतो. तिनं पोह्यांची ताटली खाली ठेवली. "त्यांच्यात दहावा करत्यात व्हय?"
"मग?"
"पुण्यानुमोदन असतं. घरी. रविवारी झालं. मी गेलते. म्हणून तर फोन करत होते तुम्हाला."
"आल्यावर सांगायचं होतंस."
"आल्यापास्नं तिकिटाबिगर दुसरा शब्द ऐकून घेतलाय का?"

पंचवीस वर्षांचं येणंजाणं. दर जयंतीला त्या वस्तीत माझं भाषण. बावीस प्रतिज्ञांचा उल्लेख केल्याशिवाय मी खाली बसत नाही. दहाव्या-श्राद्धाचा निकाल त्यातच लागलेला आहे. मी म्हणत होतो फक्त, ऐकत नव्हतो.

लाज वाटते. कदमवर ओरडलो. तो म्हणाला, "आप्पा, दहावा लिव तुम्हीच म्हणालात." खरंय.

१६ ऑक्टो.
यादी आली. तिकीट कारखान्याच्या आत्ताच्या चेअरमनला. आठ दिवसांपूर्वी पक्षात आला. टीव्हीवर बघितलं, मला फोनसुद्धा नाही. मी ह्यांच्यासाठी जुना पक्ष सोडलेला माणूस. डोकं सणकलं. अपक्ष भरणार. पडलो तर पडलो, पण ह्यांना घाम फोडून पडणार. हे शेवटचं, पुढच्या वेळी गुडघे साथ देणार नाहीत.

म्हणजे परत दहा सूचक. कदम आणि मी गावकीत फिरलो. "आप्पा, तोड येऊन जाऊ द्या, मग सही काय, अंगठा बी देतो." तोड येणार डिसेंबरात. अर्जाची मुदत २५ ला, दुपारी तीनपर्यंत.

एक गोष्ट आजवर कुठं लिहिली नाही. दुसऱ्या टर्मला कारखाना आमच्याकडं आला तेव्हा मीही एकाचा ऊस मागं ठेवायला लावला. माझ्याविरुद्ध सही केली होती त्यानं. फेब्रुवारी संपेपर्यंत उभा होता, तुरे येऊन. येताजाता गाडीतून बघायचो आणि बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं.

१८ ऑक्टो.
नानाकडं गेलो. जाताना हार घेतला होता, गाडीतच ठेवला. आता कशालाही हात लावायची भीती वाटते, चुकेल म्हणून.

नाना अंगणात खाटेवर, पाठमोरा. वळला नाही. सुजाता बाहेर आली. ही त्याची मुलगी, दौंड कोर्टात वकिली करते, शाळेत असताना माझ्या हातून बक्षीस घेतलेलं. तिनं माझं पत्र पुढं ठेवलं.
"आप्पा, कैलासवासी लिहिलंय. आमच्यात कालकथित म्हणतात."
"चुकलं."
"आत्म्यास शांती लाभो, हेही आहे. आत्मा आम्ही मानत नाही. असू द्या. चहा घेणार?"
वहिनी असत्या तर विचारलं नसतं, कप हातात आला असता. चहा घेतला. सहीचं बोलायला गेलो होतो, तोंडातून निघालं नाही. नाना तसाच बसून होता. उठताना म्हणालो, "नाना, येतो." पाठ हलली थोडी. हो म्हणाला की काय, कळलं नाही.

१९ ऑक्टो.
कदमनं सहा सूचक आणले, सगळे पाहुणेरावळे. पहिला रकाना मोकळा ठेव म्हणालो. "कुणासाठी?" म्हणाला. मी पेपर वाचत बसलो.

सासुरवाडीहून, कवठे येमाईहून, मेव्हण्याचा फोन. "दाजी, आता पुरे की. नातवंडं खेळवा." त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२१ ऑक्टो.
आज नानाला कामावर गाठलं. सत्तरी गाठली तरी भिंत चढवतो. मी विटांच्या ढिगावर बसलो.
"नाना, माझी चूक झाली."
"घाटावर गेल्ता म्हनं."
"गेलो होतो."
"किती येळ बसला?"
"तासभर. मग दुसऱ्या घाटावर."
नानाची थापी थांबली. "तिला कळतं तर लय हसली असती. पदर तोंडात घालून हसली असती." आणि तोच हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले मनगटानं, गालाला सिमेंट लागलं. मलाही रडू आलं. दोन म्हातारे विटांवर.

मग मीच म्हणालो, सही पाहिजे, पहिल्यासारखी.
"सही दिली मी."
"कुणाला?"
"आमच्या सुजाताला. उभी ऱ्हाती. अपक्ष." थापी परत चालू. "नऊ झाल्यात, समद्या वस्तीतल्या. वस्तीत ढीग गावतील. पन ती म्हनती, दहावी गावकीतली पायजे. न्हाईतर फॉर्मच भरनार न्हाई."
"का?"
"म्हनती, आपन त्यांच्या फॉर्मवर पंचवीस वर्षं सह्या केल्या, त्यांच्यातला एक तरी आपल्यावर करतो का बघू. मी फिरलो तीन घरं. बसा म्हंत्यात, चा देत्यात. पेन दिसलं की..."
पुढचं त्यानं सांगितलं नाही. मलाच पाठ आहे.

मी वाट बघत होतो, आता म्हणेल, आप्पा, तुमी करा. म्हणाला, "ओळंबा धरा जरा." दोरी धरून उभा राहिलो. भिंत सरळ होती. तेवढंच बोलणं झालं.

न मागून गेला हा माणूस. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

२२ ऑक्टो.
वढू बुद्रुकला जाऊन आलो. समाधीवर दर निवडणुकीच्या आधी जातो, नवीन काही नाही. दर वेळी काय बोलायचं ते पाठ असतं. आज हात जोडले आणि डोक्यात काहीच येईना. पायरीवर बसून राहिलो. एक बाई म्हणाली, "तुम्ही आमदार ना?" म्हणालो, होतो. पहिल्यांदाच असं तोंडातून गेलं.

२३ ऑक्टो.
कदमला विचारलं, उमेदवारानं दुसऱ्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली तर? कायद्यात बसतं म्हणाला, विचारून आलाय. "पण आप्पा, लोक हसतील. म्हणतील, म्हाताऱ्यानं अर्ज एक भरला आन् सही दुसरीकडं केली. चेअरमन तर सभेत मिमिक्री करंल. एक काय ते करा."

एक काय ते. हेच तर. सुजाताच्या अर्जावर सही केली की मी संपलो. गावकीतली मतं जातील, पाहुणे जातील, ऊसही राहील फडात. नाही केली तर ती अर्ज भरणार नाही. आणि मी भरीन, पडेन, आणि नानाच्या घरावरून जाताना काच वर करून जाईन.

तीन वेळा अंगणात चकरा. कुसुम म्हणाली, "फरशी झिजंल."

२४ ऑक्टो.
माझे सूचक नऊ झाले. पहिला रकाना अजून मोकळा. कदम म्हणतो, माझं नाव टाका आणि मोकळे व्हा. उद्या बघू म्हणालो. नेत्यांसारखाच बोलायला लागलोय.

जेवताना कुसुमनं एक पाकीट ताटाशेजारी ठेवलं. सुजाताचा अर्ज. कुसुमच दुपारी वस्तीत जाऊन घेऊन आली होती. नऊ नावं, नऊ सह्या. सगळ्यात वर नानाची, तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. दहावा रकाना कोरा.
"तुला कुणी आणायला सांगितलं?"
"कुणी न्हाई. पंचवीस वर्षांत मला कुणी काही सांगितलंय का? माझ्या मतानं एकदा तरी..." वरण वाढायला उठली.
मग आतून म्हणाली, "मी बी मतदार हाय. तुम्ही न्हाई केली तर मी करणार. पण आधी तुम्हाला विचारायचं म्हणून थांबलेय."

२५ ऑक्टो., बुध.
सकाळी आठ. आंघोळ झाली, पांढरे कपडे घातले. टेबलावर दोन अर्ज. माझ्यातला पहिला रकाना कोरा, सुजाताच्यातला दहावा. मतदारयादी कदम ठेवून गेला. आमच्या घराचं पान काढलं. माझं नाव, खालीच कुसुमचं. सुजाताच्या अर्जावर दहाव्या रकान्यात माझा भाग क्रमांक लिहिला, अनुक्रमांक लिहिला. पेन्सिलीनं. हात तिथंच थांबला.

साडेदहा. चेअरमनची मिरवणूक रस्त्यावरून गेली. हलगी. कोणीतरी आमच्या दाराकडं बघून आरोळी ठोकली. अजूनही रक्त उसळतं माझं, आत्ता जाऊन अर्ज टाकावा वाटतं.

अकरा. कुसुम नेसून तयार. निळी साडी, वहिनींनी सुजाताच्या लग्नात नेसवलेली. म्हणाली, बाराला निघणार, तीनच्या आत कचेरीत पोचायचंय. पाकीट पुढं सरकवलं, त्यावर पेन ठेवलं.

मी उठून गोठ्यात गेलो.

गाईपुढं वैरण होती, पाणी होतं. तरी उभा राहिलो. मग कळलं की मी कुठं उभा आहे.

परत आलो. कुसुम दारात बसलीय. पेन होतं तिथंच आहे. साडेअकरा झालेत.