खिशातली एनओसी

निपाणी, मंगळवार, संध्याकाळ

आज बेंगळुरूच्या नर्सिंग कौन्सिलकडून एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, आलं. आता महाराष्ट्रात नर्स म्हणून माझी नोंदणी होईल, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर एकदाचे हे आणि मी कोल्हापुरात एका घरात राहू. आनंद व्हायला हवा होता. कागद दिवसभर एप्रनच्या खिशात होता, उघडून बघावासा वाटला नाही.

राउंडला डॉक्टर पार्वतीआक्कांच्या कॉटपाशी थांबले. ते म्हैसूरकडचे, त्यांना मराठी येत नाही, आक्कांना कन्नड येत नाही. नेहमीसारखी मीच मध्ये. ते म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, फार तर महिनाभर.

"काय म्हणालं गं डॉक्टर?"

"घरला जाऊन इस्रांती घ्या म्हणत्यात, आक्का."

का केलं मी असं? डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगताना थोडं मऊ करायची सवयच आहे मला. पण आज मऊ नाही केलं, बदललंच. खिशातला कागद हाताला लागत होता. शनिवारी माझी शेवटची ड्युटी. त्यांचा मुलगा रविवारी न्यायला येणार. त्याला दुसरं कुणीतरी सांगेल. म्हणजे मी पळालेच की.

आक्कांनी माझा हात धरला. "बाकीची काय बी सांगत्यात. तू सांगितलीस म्हंजे खरं. उसाच्या लागणीपतूर हिंडाय लागीन न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

आत्ता घरी येऊन कागद उघडला. त्यात लिहिलंय, या नर्सविरुद्ध कुणाचीही कसलीही तक्रार नाही.