कासरा कोणाच्या हातात होता

प्रिय दादा,

शाळा सुटली, पोरं गेली, शिपाईमामा कुलूप घेऊन दाराशी उभे आहेत, आन् मी अजून वर्गातच बसून तुमाले पत्र लिहून राह्यली. घरी लिहिता येत नाही. घरी तुमचा लेक सुभाष आहे.

उद्या दहा वाजता ग्रामसभा आहे. वस्तीतल्या नव्या सभागृहाले नाव कोणाचं द्यायचं, ते ठरणार. अर्धी वस्ती म्हणते तुमचं, अर्धी म्हणते पार्वताकाकूचं. सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तरीणबाई दोघांलेही जवळून ओळखतात, मोठं कोण ते त्याच सांगतील." झालं! आजचा डबा तसाच भरलेला आहे.

त्या पोळ्याच्या वेळी मी आईच्या कडेवर होती, पण गोष्ट मले तोंडपाठ आहे. आपल्या वस्तीच्या बैलांनी तोरणाखाली उभं राहायचं नाही. तोरण तुटलं, गावाच्या जोड्या गेल्या, की मागच्या वाटेनं गुपचूप जायचं, अशी रीत. त्या वर्षी तुमी जोडी सजवली आन् थेट तोरणाखाली नेली. काठ्या आल्या. तुमी हात उचलला नाही, बैलांचा कासरा सोडला नाही. संग आलेल्या पार्वताकाकूचा हात मोडला. दर सव्वीस जानेवारीले हेच ऐकलं, आन् मास्तरीण झाल्यावर मीच पोरांले सांगत आली.

मंग वाशीमच्या दवाखान्यात, जग सोडून जायच्या चार दिवस आधी, तुमी म्हणाले, "माय, म्या कासरा सोडला होता. काठ्या पाहून मांगं सरलो. पार्वतानं धरला."

आन् मी काय म्हटलं? "राहू द्या दादा, मोसंबीचा रस घ्या." किती मूर्ख मी! तुमाले अजून बोलायचं होतं, आन् मी तुमच्या तोंडाले गिलास लावला. तुमी दोन घोट घेतले आन् भिंतीकडं तोंड केलं. माफ करा मले.

पण दादा, रागही येतो. गळ्यात हार पडत होते तेव्हा काहून नाही बोलले? काकू तिथंच बायांत बसलेली असे, वाकडा हात पदराखाली घेऊन. एकदा तरी तिच्याकडं पाह्यलं असतं!

दोन दिवस झाले, मी तुमाले आन् काकूले मनात मोजून राह्यली. तुमी कोणाले वाकडा शब्द बोलले नाही. वस्तीच्या अर्जांची पिशवी घेऊन मालेगाव तहसीलच्या चकरा मारल्या, चपला झिजवल्या. ज्यानं काठी मारली त्याच्या ओट्यावर बसून चहा प्याले. काकूनं त्याच्या घरचं पाणी अजून तोंडाले लावलं नाही, आन् तिचं तोंड म्हणजे तिखटाचा डबा. आमी म्हणायचो, दादांचं मन मोठं, काकू हट्टी. पण काठी बसली तिच्या हातावर. माफ करायले तुमचं काय जात होतं?

परवा सुभाषले खरं सांगितलं. जेवत होता, ताट सरकवलं त्यानं. "ताई, बापाची इज्जत चौकात काढतं का? ज्यांनी काठ्या मारल्या, त्यांच्या पोरांले फुकटचं हसायले भेटन!" त्यानं तुमच्या फोटोचं फ्लेक्सही करून आणलं आहे. आन् तो काही खोटं बोलत नाही ना दादा. हसतीलच ते. याचंच मले भेव.

म्हणून काल काकूकडं गेली. ओट्यावर तूर पाखडत होती. मले पाहताच सुरू, "काहून वं, जित्या माणसाचं नाव देता सभागृहाले? मारून टाकता का मले, भाड्यांनो?"

मी हसली नाही. विचारलं, "काकू, दादांनी कासरा सोडला होता ना?"

सूप थांबलं. "कोनं सांगतलं तुले?"

"त्यांनीच."

"सांगतलं होय शेवटी! येडा कुठचा." डोळे भरून आले तिचे. मंग म्हणाली, "मले भेव कधी वाटलंच नाही वं. तो तं लटलट कापे. तरी दुसऱ्या दिवशी, तेच लोक पारावर बसले असतांनी, एकटा गेला. म्हने, पुढच्या पोळ्याले पुन्हा जोडी आनतो, कासरा मीच धरतो. आला बी, धरला बी. मंग मोठं कोन, तू सांग. मास्तरीन हायेस ना!"

"मंग तू इतकी वर्षं बोलली काहून नाही?"

"सांगनं त्याचं होतं. म्या कायले सांगू?" तिनं सूप पुन्हा उचललं, आन् माह्याकडं न पाहता म्हणाली, "वाट पाह्यली मात्र."

दादा, तिनं वाट पाह्यली! चाळीस वर्षं, शंभर पावलांवरच्या घरात!

मोठं कोण, ते मले अजूनही कळलं नाही. नाव वस्तीनं ठरवावं. पण तुमाले शब्द देते, उद्या मी उभी राहीन आन् आधी हेच सांगीन, की माह्या बापानं त्या दिवशी कासरा सोडला होता आन् पार्वताकाकूनं धरला. दुसऱ्या दिवसाचंही सांगीन, पण नंतर. सुभाष कदाचित माह्याशी बोलणार नाही. लोक हसतील तं हसतील. काकूची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायले लावली आहे. तुमचं तिले सांगायचं राहून गेलं, ते तिच्या तोंडाकडं पाहूनच सांगीन.

भेव वाटून राह्यलं दादा, लय भेव वाटून राह्यलं. पण जाईन.

तुमची भित्री लेक,
शोभा